दोरीखालची काठी

मार्चमधल्या एका शनिवारी देवरुखजवळच्या आमच्या घरी पोचलो, तर ओल्या चादरी तगरीच्या कुंपणावर पसरलेल्या होत्या. पंचा जास्वंदीवर, बाबांचे लेंगे पडवीच्या कठड्यावर, आणि अंगणातली दोरी मोकळीच. आधी वाटलं, दोरी तुटली असेल. आई म्हणाली, "दोरी धड आहे रे. माझा हात धड नाही. वर जाईनासा झालाय." रोज रात्री फोनवर मी "आमचं बरं चाललंय" ऐकत होतो, त्यातलंच हे एक बरं.

खांदा आखडला होता. डॉक्टरांनी भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर वर चढत जायचा व्यायाम दिला होता आणि वर्षभराची तयारी ठेवा म्हणून सांगितलं होतं. आई व्यायाम करत होती, पण धुणं काही वर्षभर थांबत नाही. बाबांना सांग, असं मी म्हणालो. त्यावर तिने बाबांनी वाळत घातलेला एक सदरा मला दाखवला. बोळा तसाच दोरीवर टाकलेला होता. पुढे काही बोलायची गरज नव्हती.

मी पंपांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला घरात दुखणं दिसलं की औषधाच्या आधी मोजपट्टी आठवते. पडवीच्या खांबापासून माडापर्यंत दोरी १० मीटर. दोन्ही टोकं जमिनीपासून १७५ सेंटिमीटरवर. आईची उंची १४७, आणि न दुखता हात जातो तो १४० पर्यंत. मग काय, दोन्ही टोकं सोडली आणि १४० वर बांधली. अर्ध्या तासाचं काम. चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं पडलं आणि दोरीच्या पोटात झोळ आला. साडीचा काठ जमिनीवर, आणि काठावर शेजारच्या कोंबडीचा पाय. मी दोरी ओढून घट्ट केली. पुन्हा झोळ. तेव्हा बाजारातून टर्नबकल आणला. हा म्हणजे दोन्ही बाजूंनी उलटसुलट आट्यांचा स्क्रू, मधली चौकट फिरवली की दोरी ताणली जाते. त्याने दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली. संध्याकाळी चादरी घातल्या आणि पडवीच्या खांबातला हूक मुठीएवढा चुना घेऊन बाहेर आला. जांभ्याचा खांब, आजोबांच्या वेळचा. बाबा त्या भोकाकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

खरं तर हे मला आधी कळायला हवं होतं. दोरीवर एकसारखं १५ किलो ओलं धुणं धरा. १० मीटर लांबीच्या दोरीला मध्ये अर्धा मीटर झोळ असेल, तर दोरीतला ताण साधारण साडेसदतीस किलो. तोच झोळ मी हट्टाने १० सेंटिमीटरवर आणला, तर ताण १८७ किलो. झोळ पाचवा हिस्सा केला की ताण पाचपट, आणि झोळ शून्य करायचा म्हटलं तर ताण अनंत. म्हणजे वजन टांगलेली दोरी कधीही सरळ होत नाही, ओढणारा हत्ती असला तरी. नुसत्या लोंबत्या साखळीचा आकार नेमका कोणता, यावर तर मोठमोठ्या लोकांनी डोकं खपवलं आहे. तो जवळपास पॅराबोलासारखा, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा असतो असं गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात लिहिलं. खरं उत्तर १६९१ साली लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नुली या तिघांनी आपापलं काढलं. तो वक्र पॅराबोलाच्या शेजारून जातो, पण वेगळा असतो. त्यांच्यापैकी कुणावर धुणं वाळत घालायची पाळी आली होती का, माहीत नाही. आली असती तर तिघांनीही मध्ये एक काठी लावली असती.

कारण गंमत अशी, की मध्यावर टेकू दिला की १० मीटरच्या दोरीच्या ५-५ मीटरच्या दोन दोऱ्या होतात, आणि त्याच झोळाला ताण निम्मा न होता चौथाई होतो. १८७ चे सत्तेचाळीस. टेकूवर भार किती येतो? धुण्याच्या निम्मा, सात-साडेसात किलो. एक लहान मूल कडेवर घेतल्याएवढा. एवढ्याशा भारासाठी काठी कसलीही चालेल असं मला वाटलं, आणि पुढचे दोन महिने मी ती 'कसलीही' काठी शोधत होतो.

अट एकच होती. धुणं घालताना दोरी खाली हवी, घातल्यावर वर हवी. खाली आईसाठी, वर वाऱ्यासाठी, कोंबड्यांसाठी आणि दोरीखालून विहिरीकडे जाणाऱ्या बाबांच्या टाळूसाठी. म्हणजे काठीची लांबी बदलती हवी. पाइपात पाइप. आतल्या पाइपला भोकं, बाहेरच्याला एक भोक, आरपार पिन. पिनसुद्धा ठरलेली होती. ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात कडीची लिंच पिन मिळते, ती पडत नाही आणि हरवली तरी पुन्हा मिळते. मी कागदावर भोकांचा हिशोब मांडला. बाहेरच्या पाइपला चार चार सेंटिमीटरवर, आतल्याला पाच पाच सेंटिमीटरवर भोकं पाडली तर व्हर्निअरच्या तत्त्वाने, म्हणजे दोन मापांतल्या फरकाने, दर एका सेंटिमीटरला उंची बदलता येते. या कल्पनेवर मी इतका खूश झालो, की कपडे वाळायला एका सेंटिमीटरचा काय फरक पडतो हे स्वतःला विचारायचंच राहिलं.

एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपात पाऊण इंची पाइप. कागदावर छान बसतो. निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जाडीचा एक इंची पाइप बाहेरून ३३.७ मिलिमीटर आणि आतून जेमतेम २७.३. पाऊण इंचीचं बाहेरचं माप २६.९. अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट. दुकानात पाइप आत ढकलला तर वीतभर गेला आणि अडला. एक इंची पाइपच्या आतून जोडाची शिवण गेलेली असते, तिचा उंचवटा. शिवाय जस्ताचे थेंब. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा पाइप पाण्यासाठी असतो." पिवळ्या पट्ट्याचा पातळ पाइप घेतला असता तर सरकला असता. पण दोन्ही तुकडे एकत्र हातात उचलून बघितले आणि तिथेच ठेवले. निळ्या पट्ट्याच्या एक इंची पाइपचं वजन मीटरला जवळजवळ अडीच किलो, पाऊण इंचीचं दीड. सगळी काठी मिळून सात किलो. सात किलोचं धुणं उचलता येत नाही म्हणून सात किलोची काठी.

मग पुण्याहून ॲल्युमिनियमची घेऊन गेलो. रंगारी छताला रोलर लावायला वापरतात ती लांब होणारी दांडी. हलकी, देखणी, पिळली की घट्ट, उलटी पिळली की सैल. पडवीत मी तिचं प्रात्यक्षिक दिलं. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "तेरड्याचा रंग तीन दिवस."

तीन दिवसही झाले नाहीत. आतला प्लास्टिकचा शंकू पिळून घट्ट करायला मनगटात जोर लागतो, आणि ओल्या, साबणाच्या हातांनी आईला तो आवळता येईना. ती अर्धवट आवळायची. दुपारी वारा सुटला की दांडी बोटभर बोटभर आत जात राहायची, तीही इतकी हळू की कुणाला दिसायचं नाही. चारच्या सुमाराला सगळं धुणं गुडघ्यावर बसलेलं असायचं. एकदा तर वाऱ्याने चादर शिडासारखी फुगली, दोरी वर उचलली गेली आणि काठी उघड्या आकड्यातून निसटून थेट तुळशीवर आडवी. तेव्हा कळलं, की काठीला जपायचं ते नुसतं खाली येणाऱ्या भारापासून नाही. वारा दोरी वर नेतो, त्या क्षणी काठीने दोरीला धरून लटकलं पाहिजे.

याच सुमाराला ॲडलेडला असलेल्या माझ्या आतेबहिणीला मी हे सगळं रंगवून सांगितलं. तिने तिच्या परसातला फोटो पाठवला. एकच खांब, वर छत्रीच्या काड्यांसारखे चार हात, त्यांत ताणलेल्या तारा, आणि खांबाला एक दांडा. दांडा फिरवला की धुण्यासकट सगळी छत्री वर. तिथे याला हिल्स हॉइस्ट म्हणतात. लान्स हिल नावाच्या माणसाने १९४५ मध्ये ॲडलेडलाच ती बनवायला सुरुवात केली. गोल फिरणारी अशी वलणी त्याच्याआधी गिल्बर्ट टॉइन या लोहाराने केली होती, पण नाव राहिलं हिलचं. आणि त्याही आधी? बहिणीने शेजारच्या म्हातारबाबांना विचारलं. आधी दोरी आणि तिच्याखाली बेळकं असलेली काठी, म्हणाले. काठ्या विकणारा दारावर यायचा. फोटो पाहून आई म्हणाली, "छान आहे. पण नऊवारी कुठे मावायची त्यात?"

बेळकं. हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो ॲडलेडवरून आला.

आमच्या अंगणातही बेळकंच होतं. ऐनाची सरळ फांदी, टोकाला दोन बोटांसारखी दुभागलेली, साल काढून गुळगुळीत झालेली. आजीच्या हातातली काठी वेगळी, ती माजघरातली. सोवळ्याची वलणी छताशी टांगलेली असे आणि काठीच्या टोकावर पातळ घेऊन ती ते वर सरकवत असे, कुणाची सावली पडणार नाही अशा बेताने. त्या वलणीला मी एकदा खाटेवर चढून हात लावला होता. पुढचं लिहीत नाही. बाहेरच्या बेळक्याला मात्र कुणीही हात लावावा. धुणं जड झालं की येताजाता कुणीतरी त्याच्या बुडाला पायाने ढोसायचं, काठी थोडी उभी व्हायची आणि दोरी वर जायची. धुणं उतरवायचं तर बूड ओढून काठी कलती करायची. लांबी तीच. बदलायचा तो कल.

मग हे बंद का झालं? अंगणामुळे. पूर्वी दर पावसाळ्यानंतर अंगण खणायचं, पाणी मारून चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं. मातीत काठीचं बूड रुतायचं. वापरून वापरून दोरीखाली तीन-चार खळगे पडायचे, आणि त्यांत आम्ही गोट्या खेळायचो. पंधरा वर्षांपूर्वी आईला सारवणं झेपेना म्हणून मीच हौसेने पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. गुळगुळीत, स्वच्छ, आणि पावसात शेवाळलेले. त्यावर कलती काठी उभी राहत नाही. काठी जमिनीशी ४५ अंशांत असेल तर जेवढा भार खाली, तेवढीच ढकल आडवी. ती अडवायला माती होती तोवर ठीक होतं. म्हणजे आईच्या दोरीचा टेकू मीच काढून घेतला होता, आणि वर लांब होणाऱ्या दांड्या विकत आणत होतो.

त्यानंतरचं काम फार नाही. बाबांनी शेजारच्या वाडीतून माणगा आणला. माणगा म्हणजे आपल्या कोकणातला बांबू, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, म्हणून बारीक असूनही वाकत नाही. बारीक काठीची खरी भीती दबण्याची नसते, मधूनच वाकण्याची असते, आणि लांबी दुप्पट केली की त्या बाबतीतली ताकद चौथाईवर येते. ऑयलर हा गणिती हे १७४४ मध्येच सांगून गेला आहे. २२० सेंटिमीटर काठीला साताठ किलो म्हणजे माणग्याला काहीच नाही. काठी दीड किलोची. बांबूतल्या पिठूळ भागाला भुंगा लागतो, म्हणून ती आधी पंधरा दिवस वहाळात दगडाखाली दाबून ठेवली. बांबू अमावास्येला तोडायचा असतो असं बाबा म्हणाले. तोडला तेव्हा अष्टमी होती. त्यावर त्यांनी वाद घातला नाही, नुसती आठवण करून ठेवली.

वरच्या टोकाला हूक हवा होता, पण वाऱ्यात न सुटणारा. फॅब्रिकेशनवाल्याला समजावताना मी चित्र काढलं, हात फिरवले, मोबाइलवर फोटो दाखवला. शेवटी त्याच्या पाटीवरच्या अक्षराकडे बोट केलं आणि म्हटलं, "ही दुसरी वेलांटी बघ. तशी वळव, फक्त शेवटी अजून अर्धा फेरा." त्याने ८ मिलिमीटरची सळई तापवली आणि पाच मिनिटांत वेलांटी हातात दिली. दोरी कडेने फिरवून आत घालायची. एकदा गेली की वर-खाली कितीही उडाली तरी बाहेर येत नाही. दोरीच्या बरोबर मध्यावर एक गाठ मारली, वेलांटी घसरू नये म्हणून. काठी दोरीच्या दिशेतच कलती करायची, म्हणजे तिची आडवी ढकल दोरीच पेलते. आडव्या अंगाला कलली तर दोरीलाही घेऊन पडते.

खाली, दोरीच्या रेषेत, तीन ब्लॉक काढले आणि त्या जागी दोन इंची पाइपचे तीन आखूड तुकडे बसवले, तोंडं जमिनीशी समपातळीत. बूड उघडंच ठेवलं, पाणी जिरायला, नाहीतर डासांची सोय व्हायची. दोरीच्या मध्यापासून पहिला खळगा १६८ सेंटिमीटरवर, दुसरा ११० वर, तिसरा ५७ वर. काठी पहिल्यात असली की चाळीस अंशांत आडवी, दोरी १४१ वर. दुसऱ्यात साठ अंश, दोरी १९० वर. तिसऱ्यात पंचाहत्तर अंश, २१२. दोरीची टोकं पुन्हा १७५ वर नेली. बाबांनी स्वतः चुना कालवून खांबातलं भोक बुजवलं आणि नवा हूक मला लावू दिला नाही.

दोरी किंचित सैल ठेवली आहे, अडीचेक सेंटिमीटर. त्यामुळे पहिल्या खळग्यात काठी जवळजवळ रिकामी असते, सगळा भार दोरीच्या झोळावर. बूड ढकलायला लागलं की सुरुवातीला काहीच जड वाटत नाही. भार काठीवर यायला लागतो तोवर काठी उभी होत आलेली असते, आणि उभ्या काठीला ढकलायला जोर कमी लागतो. हे मी ठरवून केलं असं सांगायला आवडलं असतं. करून झाल्यावर लक्षात आलं.

मेमध्ये पावसाआधीच्या गोधड्या निघाल्या. आमच्याकडे गोधड्यांचं मोठं धुणं नवरात्राच्या आधी असतं, पण उन्हाळ्याच्या शेवटी एकदा ऊन दाखवायचं म्हणूनही काही धुतल्या जातात. आजीच्या नऊवाऱ्यांची चार पदरी गोधडी मी ताणकाट्याला लावली. कोरडी अडीच किलो. धुऊन, दोघांनी दोन टोकं धरून पिळून, निथळून पावणेसात. आईने काठी पहिल्या खळग्यात ठेवली. गोधडी मी दोरीवर टाकतो म्हटलं, तर "तू बाजूला हो" म्हणाली. छातीच्या उंचीवरच्या दोरीवर तिने एका हाताने गोधडीचा कोपरा ओढून घेतला, दुसऱ्या अंगाला जाऊन दुसरा ओढला. मग काठीच्या मध्याला हात लावून बूड पायाने सरकवलं. खळ्ळ करून ते दुसऱ्या खळग्यात बसलं. गोधडी जमिनीपासून उचलली गेली, पाण्याची धार लागली. खांदा मुळीच वर गेला नव्हता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, ती गोधडीच्या एका उसवलेल्या टाक्याकडे.

"तिसरा कशाला केलास?" तिने विचारलं.

"अजून वर न्यायची असेल तर."

"एवढी वर कोण नेतंय? वाळल्यावर उतरवायची मलाच."

पावसाळ्यात अंगणातली दोरी सोडून ठेवतात. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर धुणं पडवीत, कुबट वासासकट. काठीही पडवीत आडवी. श्रावणात उघडीप मिळाली म्हणून मी दोन दिवस गेलो, तेव्हा अंगणात आईने दोरी बांधली होती आणि काठी दुसऱ्या खळग्यात होती. खांदा थोडा सुटला आहे. भिंतीवरची मुंगी आता खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत पोचते.

मी तिसऱ्या खळग्यातली माती काढायला वाकलो. कडेच्या तेरड्याची बोंडं हात लागला की फुटतात आणि बिया कुठेही उडतात. त्यातली एक पाइपात पडून रुजली होती. वीतभर रोप, दोन कळ्या आलेल्या, पाइपाच्या तोंडातून नीट मधोमध वर.

"ते उपटू नको," आई दोरीपाशून म्हणाली. "गौरीला होईल."

बाबा पडवीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, रोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पेपर पुन्हा वर धरला.